रेषेच्या टोकावरची उभी खूण

४ जानेवारी, गुरुवार

कोचीच्या परिषदेने आमचं पोस्टर स्वीकारलं. सतीदेवी मॅडमनी वॉर्डच्या फेरीतच सांगितलं, एका खाटेशी उभं राहून, रक्तदाबाचा आकडा सांगावा तशा आवाजात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जिन्सी, पोस्टर तू करायचंस. आणि ऐक, पोस्टर म्हणजे प्रबंध नव्हे. तिथे लोक एका हातात चहा नि दुसऱ्या हातात कटलेट घेऊन समोरून जातात. कटलेट संपायच्या आत त्यांना कळलं पाहिजे आपण काय पाहिलं ते."

माझ्या मागून माझा सहकारी हाशिम पुटपुटला, "आणि कटलेट चांगलं निघालं तर?"

"तर तुझ्या पोस्टरपाशी कोणी थांबणार नाही. म्हणून तुला दिलं नाही," मॅडम म्हणाल्या. खाटेवरची बाईसुद्धा हसली.

विषय आमच्या विभागाचाच. अंडाशयाचा कर्करोग एकदा बरा होऊन उलटलेल्या बायका, आणि त्यानंतर दिलेल्या औषधावर त्या किती जगल्या. सगळं पोस्टर एका आलेखावर उभं राहणार. डावीकडे वरून रेषा निघते तेव्हा सगळ्याजणी जिवंत असतात. मग ती महिन्यामागून महिना उजवीकडे सरकते. एकजण गेली की एक पायरी खाली. जी अजून आहे तिच्यासाठी रेषेवर एक छोटी उभी खूण, तिची खबर आपल्याला जिथवर आहे तिथे.

अगदी उजव्या टोकाला पायऱ्या संपून नुसतं सपाट शेपूट उरतं. त्या शेपटावर एकच खूण आहे. ती अम्मच्ची. आजार उलटल्यावर सगळ्यांत जास्त काळ तिनेच काढलाय. यादीत नावं नसतात, क्रमांक असतात. पण पहिली बाटली लावली तेव्हा मीच तिच्या उशाशी बसले होते. आपली आई ओळखायला नाव कशाला लागतं?

माझी आई आपली रुग्ण आहे हे मॅडमना माहीत आहेच. टोकावरची ती आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

७ जानेवारी, रविवार

काल दुपारच्या बसने आई-वडिलांकडे, घरी आले. अम्मच्ची शिलाईयंत्रावर बसली होती, चर्चला घालायच्या ब्लाउजांच्या शिवणी उसवून सैल करत. अंगात ढगळ नाइटी.

"अंगाने भरलेय गं," म्हणाली. "नाताळचा केक. जोमोनने पाठवलेली चॉकलेटंही तुझ्या चाचननी एकट्यांनी नाही खाल्ली."

मला बरं वाटलं. मागच्या वर्षी हेच ब्लाउज ती आत घेत होती.

जेवायला उकडलेले कप्पाचे कंद आणि मत्ती माशांची आमटी. तिने वाढून घेतलं आणि जेवणभर बोलत राहिली, कोणाच्या पोरीचं ठरलं, कोणाच्या रबराच्या झाडांना रोग लागला. चाचन मध्येच उठले ते तिचं ताट उचलून मागच्या दारी गेले. मांजराला हाक मारल्याचं ऐकू आलं.

"चाचन, मांजराला एवढी मासळी घालू नका, माजेल," मी ओरडले.

"माजू दे," ते बाहेरून म्हणाले. "घरात कोणीतरी माजलं पाहिजे."

टेबलावर स्टुडिओतून आलेलं पाकीट होतं. आत अम्मच्चीचा फोटो, मोतिया रंगाची साडी, केस नीट चापून, मान किंचित वर. छान आलाय. माझा भाऊ जोमोन आयर्लंडला ये म्हणून मागे लागलाय, त्यासाठीच्या पासपोर्टला काढला म्हणाली.

"पासपोर्टला एवढा मोठा?"

"मोठा घेतला तर लहान फुकट देतो तो. तुला व्यवहार कधी कळणार?"

ती आपणहून कुठे जायचं म्हणतेय याचाच मला आनंद. नोव्हेंबरपासून नुसत्या गोळ्या चालू आहेत, पुढची तपासणी फेब्रुवारीत. तोवर अशीच राहिली तर मॅडमनाच विचारेन विमानप्रवासाचं.

९ जानेवारी, मंगळवार

मेडिकल कॉलेजच्या फाटकासमोर सुगुणन चेट्टनचं फ्लेक्सचं दुकान आहे. उमेदवार, बारसं, दुकानाचं उद्घाटन, सगळं ते छापतात. पण खरी कमाई आदरांजलीच्या फलकांची. माणूस सकाळी गेला तर दुपारपर्यंत त्याचा फोटो बसथांब्यावर लागलेला असतो, तो बहुतेक यांच्याच यंत्रातून निघालेला. आणि वर्षातून दोनदा आम्ही डॉक्टर पोस्टरं घेऊन जातो.

मी पडद्यावर पहिला मसुदा दाखवला. चेट्टनने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"डॉक्टर, हे अक्षर कोण वाचणार? मुंग्या?"

"कमी करते मजकूर. शीर्षक काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरात घेता येईल?"

"काळी पट्टी मेलेल्यांना. तुमच्या या बायका जिवंत आहेत का?"

"काही आहेत."

"मग निळी घेऊ. एकजण जरी जिवंत असेल तरी मी काळी लावत नाही."

आलेखाच्या खाली, दर सहा महिन्यांपाशी, अजून कितीजणी उरल्यात त्यांचा आकडा असतो. तो कमी कमी होत शेवटी १ उरतो. चेट्टनने त्यावर माउसचा बाण नेला. "हा एक कोपऱ्यात एकटाच पडलाय. काढून टाकू? चौकट नीट बसेल."

"नको. तो राहू दे."

"राहू दे तर राहू दे. पण एकटं कोणी कोपऱ्यात बसलेलं मला बघवत नाही."

निघताना त्यांनी आपला नियम ऐकवला. रोल पाच फूट रुंद, माझं पोस्टर तीन फूट. उरलेले दोन फूट ते कोरे पळवत नाहीत. शेजारी बसेल असं दुसरं काम आलं की दोन्ही एकदम छापायचं आणि मधून कापायचं. "तेव्हा घाईघाईने शेवटच्या दिवशी येऊ नका. तुम्हाला जोडीदार मिळायला वेळ लागतो." त्यावर स्वतःच खूप हसले. माझं लग्न ठरत नाही हे या फाटकापाशी सगळ्यांना ठाऊक आहे.

१२ जानेवारी, शुक्रवार

आलेखाखालच्या टीपेत मी लिहिलं होतं, "उभी खूण म्हणजे जिवंत." मॅडमनी पेनने खोडलं.

"आज जिवंत आहेत हे तुला कसं माहीत? तू त्यांच्या घरी बसली आहेस का? 'शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत' असं लिही. आपल्याला तेवढंच माहीत असतं."

लिहिलं. फोनवर बोलणं झालं तरी तीही भेट धरतात.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कोणाला सांगण्यासारखी नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत अम्मच्चीचा फोन येतो. "जेवलीस का? काय जेवलीस? कँटीनचं सांबार म्हणजे भांडी धुतलेलं पाणी." फोन ठेवला की मी माहितीचा तक्ता उघडते, तिच्या क्रमांकापुढे शेवटच्या भेटीच्या रकान्यात आजची तारीख घालते आणि आलेख पुन्हा काढते. तिची खूण केसभर उजवीकडे सरकते. डोळ्यांना दिसतही नाही, पण सरकते. मग मी वॉर्डात जाते.

१६ जानेवारी, मंगळवार

दुपारी फोन आला नाही. मी केला, तर कोणी उचलला नाही. संध्याकाळी चाचननी उचलला. म्हणाले, पाला गावी मावशीकडे बारसं होतं, तिथे गेलो होतो, अम्मच्ची दमून झोपलीय.

"कोणाचं बारसं?"

"त्यांच्या शेजारच्यांच्या… सुनेचं."

"सुनेचं बारसं?"

"मुलाचं गं. सुनेच्या मुलाचं. तू तिकडे पेशंटांना असेच प्रश्न विचारतेस का?"

मग तिने फोन घेतला. आवाज हलका होता, बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखा. चार माणसांत गेली की तिला असंच बरं वाटतं. तारीख घातली. खूण सरकली.

२१ जानेवारी, रविवार

काल गावात सेंट सेबॅस्टियनच्या सणाचा, पेरुन्नाळचा दिवस. दरवर्षी अम्मच्ची संताच्या बाणाच्या मिरवणुकीसोबत आमच्या फाटकापासून चर्चपर्यंत चालत जाते आणि बँडवाल्यांना ताल चुकल्याबद्दल बोल लावते. यंदा ओसरीत खुर्ची टाकून बसली. गुडघे म्हणाली. बँड फाटकाशी आला तेव्हा तिने बसूनच हात जोडले. बँडमास्तर औसेप थांबले.

"काय हो एलियम्मा, यंदा शिव्या नाहीत? आम्ही चुकलो नाही की काय?"

"चुकलात की! पण वय झालं तुमचं, म्हणून सोडलं."

तिच्या हाताच्या पाठीवर चिकटपट्टी होती. मिक्सरचं पातं लागलं म्हणे. नेहमीसारखं बोटांनीच चटणी काढत असणार. पातं काढून ठेवल्याशिवाय हात घालायचा नाही म्हणून दोघांनाही बजावलं.

आज सकाळी पोस्टर बघायचंय म्हणाली. मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. निळी पट्टी तिला आवडली. माझं नाव कुठे ते विचारलं, त्यावरून बोट फिरवलं. मग आलेख. मी रेषा समजावून सांगितली, पायऱ्या, खुणा. मला वाटलं कंटाळेल, पण ती खूप लक्ष देऊन ऐकत होती.

"यात मी आहे?"

मी टोकावर बोट ठेवलं. "ही."

ती पुढे वाकून बघत राहिली. "एवढ्या लांब? एकटीच?"

"तुझ्याइतकं कोणी आलंच नाही ना इथवर."

"बाकीच्या?"

"त्या पायऱ्या."

तिने एकेका पायरीवरून डोळे उतरवत नेले. तिच्यासोबत केमोला बसणाऱ्या दोघीतिघी त्यात आहेत, तिलाही ते कळलं असणार. काही वेळाने म्हणाली, "आणि ही खूण गेली तर? लहानशी पायरी होईल?"

"नाही. शेवटची असेल ती गेली की रेषा तिथून सरळ खाली. पार तळाला."

"पार तळाला? माझ्या एकटीमुळे?"

"गणितच तसं आहे. म्हणून तू आपली जागेवर बस."

"बसते बाई," ती हसली. "तुझं पोस्टर होईपर्यंत तर बसतेच. एवढं चांगलं चित्र, मी कशाला बिघडवू?"

आम्ही दोघी हसलो. चाचन दारात उभे होते, ते मिरी वाळत घातलीय ती बघायला निघून गेले.

बसथांब्यापर्यंत ती आली नाही. फाटकातूनच हात केला, उंच, मी वळेपर्यंत.

२३ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी आलेख मोठा करून पाहिला आणि पेनाचं टोक थेट शेपटावर ठेवलं.

"हे काय आहे? सगळ्यांची माहिती ३१ डिसेंबरपर्यंत, आणि ही एकटी जानेवारीत कशी फिरतेय?"

मी म्हटलं, नवी खबर मिळाली म्हणून तारीख बदलली.

"इतरांची मिळवलीस? फोन केलेस सगळ्यांच्या घरी?"

नव्हते केले.

"मग? एकीला पुढे चालू द्यायचं आणि बाकीच्यांना डिसेंबरात थांबवायचं, असं चालत नाही. ३१ डिसेंबर. सगळ्यांना एकच दिवस."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मॅडम, ती आज आहे. आज दुपारीच बोलले मी तिच्याशी."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माहीत आहे मला ती कोण आहे." मग जरा वेळाने, "रेषा आज दुरुस्त कर, छपाईला दे आणि सुट्टी घेऊन घरी जा. चार-आठ दिवस. वॉर्ड हाशिम बघेल."

माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडालाय. आईची माहिती मी हाताळायला नको होती असंच त्यांना म्हणायचं असणार, आणि ते खरंही आहे. पण सुट्टी म्हणजे शिक्षाच की. मी म्हटलं, परिषद झाल्यावर घेईन.

"तू डॉक्टर आहेस, जिन्सी," एवढंच म्हणाल्या.

२४ जानेवारी, बुधवार

खूण मागे घेतली. रोज केसभर पुढे नेलेली, ती एका क्षणात पुन्हा ३१ डिसेंबरवर.

त्या दिवशी मी घरीच होते. अम्मच्ची मागच्या अंगणात चुलीवर अच्चप्पम तळत होती. फुलाचा साचा पिठात बुडवायचा, मग तेलात, आणि हलका झटका द्यायचा की फूल सुटून तरंगतं. माझं एकही सुटेना. "झटका दे, झटका! त्याला काय पाळण्यात झोपवतेयस?" असं ओरडून तिने साचा हिसकावला. त्या रात्री चर्चमध्ये ती पूर्ण वेळ उभी होती.

ठीक आहे. तिथेच राहू दे तिला.

२७ जानेवारी, शनिवार

घरी गेले नाही. मजकूर अजून निम्मा कापायचाय, लेखकांच्या नावांचा क्रम ठरायचाय. फोनवर अम्मच्ची म्हणाली, "मग नको येऊस, आधी पोस्टर. इथे काय आहे? मी नि तुझे चाचन आणि ते मांजर."

मॅडम जिन्यात भेटल्या. "घरी नाही गेलीस?" हा प्रश्न त्यांनी इतक्या कडक स्वरात विचारला की मी दचकले. सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या मुलीला कोणी असं विचारतं का?

३० जानेवारी, मंगळवार

चेट्टनकडे फाइल दिली. सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. कोपऱ्यातला १ आहे. टीप आहे. पट्टी निळी.

"शुक्रवार-शनिवारपर्यंत देतो," ते म्हणाले. "शेजारी अजून कोणी आलेलं नाही."

दुकानात असतानाच चाचनचा फोन. ते कधी आपणहून करत नाहीत.

"मोळे, बाळा, पोस्टर झालं का?"

"दिलं छापायला. का हो?"

"काही नाही. अम्मच्ची विचारत होती." मग, "तू येशील ना?"

"शनिवारी. पोस्टर घेऊनच येते, तिला दाखवायला."

"बरं," म्हणाले. आणि फोन ठेवायचं विसरले. बराच वेळ मला त्यांच्या ओसरीतला पंखा ऐकू येत होता.

१ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी अम्मच्चीचा फोन. आवाज झोपेतला, शब्दांच्या मध्ये थांबत होती. मी म्हटलं, झोप हवी तर झोप, नंतर बोलू.

"छापलं का गं?"

"छपाईला गेलंय."

"म्हणजे आता बदलता येत नाही ना काही?"

"नाही. आता काय आहे ते आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग, "जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. जेवले म्हटलं. कँटीनच्या सांबाराला ती नावं ठेवेल म्हणून थांबले, पण तिने ठेवली नाहीत.

३ फेब्रुवारी, शनिवार

अम्मच्ची काल दुपारी गेली. मी ओपीडीत होते.

५ फेब्रुवारी, सोमवार

काल माती दिली. जोमोन पोचेपर्यंत थांबलो होतो.

सुगुणन चेट्टन शनिवारी सकाळी स्कूटरवरून आले, तेवढं अंतर, मागे दोरीने बांधलेलं रोलचं भेंडोळं. त्यांना हाशिमने कळवलं होतं. ओसरीत त्यांनी ते उलगडलं. एकाच लांब फ्लेक्सवर डावीकडे माझं पोस्टर आणि उजवीकडे अम्मच्ची. मोतिया साडी, मान किंचित वर. भोवती काळी चौकट.

"कापायला थांबलो नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "यंत्रातून निघालं तसं घेऊन आलो." मग खाली बघत, "जोडीदार मिळायला वेळ लागतो म्हणालो होतो. काय जीभ माझी."

फोटो त्यांना चाचननी पाठवला होता. स्टुडिओचं ते पाकीट चाचननी घरच्या कपाटात वरच काढून ठेवलं होतं.

अम्मच्चीची शिवणाची कात्री आणून मी मधून कापलं. हात सरळ चालला नाही. तिच्या चौकटीची एक काळी कड माझ्या पोस्टरला लागून राहिली, वर बोटभर आणि खाली निमुळती होत गेलेली. जोमोन म्हणाला, दे, मी नीट करतो. मी दिलं नाही.

मॅडम दफनाला आल्या होत्या. चाचनचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. ते दोघं खूप दिवसांनी बोलत असल्यासारखे वाटले नाहीत.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज चाचननी सांगितलं. मिरीच्या चटईशी बसून, दाणे निवडता निवडता.

पोटात पाणी डिसेंबरच्या शेवटालाच भरायला लागलं होतं. गावाजवळच्या दवाखान्यात दोनदा काढलं. पालाचं बारसं म्हणजे त्यातलीच एक खेप. हातावरची पट्टी तिथल्या सलाइनची. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमना फोन केला, तेव्हा अम्मच्चीने स्वतः फोन घेऊन, मला कळू द्यायचं नाही अशी मॅडमना शपथ घातली.

सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्या कोणाची आई असती तर मी दारातूनच ओळखलं असतं.

"तुम्ही तरी सांगायचं होतं मला," मी म्हटलं. ओरडलेच.

"ती म्हणाली, पोस्टर छापून होऊ दे. नाहीतर रेषा पडेल."

"चाचन, तो नुसता आलेख आहे! आणि तारीख तर आधीच बांधली होती, ३१ डिसेंबर. ती जानेवारीत कधीही गेली असती तरी रेषा तशीच राहिली असती. तिला काही थांबायची गरज नव्हती!"

हे मी तिला सांगितलंच नव्हतं. खूण मागे घेतली ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

चाचन दाणे निवडत राहिले. "रेषेतलं तिला काय कळणार?" ते म्हणाले. "तू तिथे बोट ठेवलंस आणि ही तू म्हणालीस, तेवढं तिला कळलं."

मी दुपारी मॅडमना फोन केला. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं.

"हो. रुग्णाने सांगू नका म्हटलं की सांगता येत नाही. तुला जा म्हणाले, दोनदा म्हणाले. याहून जास्त बोलले असते तर तिचा शब्द मोडला असता." त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. "शनिवारी मी उभी राहते पोस्टरपाशी. तू येऊ नकोस."

"रेषा बदलू का, मॅडम?"

"३१ डिसेंबरला ती होती ना?"

"होती."

"मग तिथे आहे."

फोन ठेवल्यावर चाचन म्हणाले, "शनिवारी जा. उद्या सातव्या दिवसाची प्रार्थना होईल, मग तू मोकळी. एवढं करून तू गेली नाहीस तर ती मला वर बोल लावेल."

१० फेब्रुवारी, शनिवार, कोची

पोस्टरांची ओळ लांबलचक होती. माझं खिडकीजवळ लागलं. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी काळी कड पाहिली आणि एकदा तिच्यावरून बोट फिरवलं.

लोक आले. हातात चहा, कटलेट. कटलेट चांगलं होतं बहुतेक, फार कोणी थांबलं नाही. जे थांबले त्यांना मी औषध, मात्रा, महिने सांगितले. आवाज ठीक निघत होता. उजव्या टोकाकडे मात्र मी पाठ करून उभी राहिले.

शेवटी सेलमचे एक वयस्क प्राध्यापक आले. कप खिडकीत ठेवून, चष्मा काढून, त्यांनी आलेख डावीकडून उजवीकडे पायरी पायरी वाचत आणला. मला बाजूला व्हावं लागलं. त्यांनी टोकावर बोट ठेवलं, अम्मच्चीने पाहिलं होतं तिथेच.

"आणि ही बाई? एवढ्या लांब आलीय. अजून आहे?"

मॅडम उत्तर द्यायला पुढे झाल्या. मी त्यांचा हात धरला.

"शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत होती, सर," मी म्हटलं.

"वा," ते म्हणाले. "अशी एखादी असते प्रत्येक आलेखात. तिच्याकडे बघून आपण बाकीच्यांना औषध देत राहतो." कप उचलून पुढच्या पोस्टरकडे गेले.

पोस्टर उतरवून गुंडाळलं, काळी कड आतल्या बाजूला घेऊन. बाहेर येऊन चाचनना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"तिचं कोणी विचारलं का?"

"विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

सांगितलं, जे म्हटलं होतं तेच, त्याच शब्दांत.

पलीकडे ओसरीतला पंखा फिरत होता.

"खोटं नाही ते," चाचन म्हणाले.